शतावरीच्या डोंगरावरचे पांढरे दगड

शेवंता सरपणाला गेली होती, ती मोळी न घेताच खाली आली. आमच्या वाळवणाच्या शेडपाशी उभी राहून म्हणाली, "मावशे, वर समदे खड्डे हायत."

"कसले खड्डे?"

"आपल्या दगडापाशी. जिथं पांढरा दगड, तिथं खड्डा."

मी चपला घातल्या आणि तिच्याबरोबर वर गेले. वैशाख होता. डोंगर उघडा पडला होता. ती म्हणाली तसंच होतं. पांढरा ठिपका असलेला दगड बाजूला फेकलेला आणि त्याच्याजवळ टिकावाने उकरलेला खड्डा. पुढचा दगड, पुढचा खड्डा. वरच्या कड्यापर्यंत असंच. ज्यांना ठिपका नव्हता ते दगड जागेवर होते.

हे दगड कसले ते सांगते. मी चौथीपर्यंत शिकले. बाकीचं सासूने डोंगरावर शिकवलं. आमचा बायकांचा गट आहे. रानातली औषधी झाडं काढायची, शेडमध्ये वाळवायची आणि सिरसाळ्याच्या व्यापाऱ्याला द्यायची, हे आमचं काम. गुळवेल, अडुळसा, भुईरिंगणी असं बरंच काही असतं, पण खरी कमाई शतावरीची.

शतावरी ही काटेरी वेल. पानं बडीशेपेसारखी बारीक. उन्हाळ्यात वेल वाळून मोडून जाते आणि झाड कुठे आहे हे कुणालाच दिसत नाही. जमिनीखाली मात्र बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या मुळांचा घोस असतो. औषधाला ही मुळं लागतात. वेल आणि मुळं जिथे जुळतात त्या जागेला आम्ही मान म्हणतो. पुढचा कोंब तिथूनच फुटतो. म्हणून बाहेरची जाड मुळं कापून घ्यायची, मान आणि आतली बारीक मुळं सोडायची, माती परत लोटून पायाने दाबायची. मग पुढचे दोन हिवाळे, म्हणजे काढणीचे दोन हंगाम, त्या झाडाला हात लावायचा नाही. त्याला आम्ही विसावा म्हणतो.

विसाव्यातलं झाड ओळखू यावं म्हणून माझी सासू शेजारचा एक दगड उलटा करून ठेवायची. मातीत रुतलेली बाजू वर. बघायची सवय असेल तर ती दिसते. तीन-चार बायका होतो तोवर तेवढं पुरलं. पुढे गट वाढला. नव्या बायकांना उलटा दगड आणि सुलटा दगड सारखाच. एका हिवाळ्यात त्यांनी विसाव्यातली झाडं उकरून ठेवली. तेव्हा शेवंता म्हणाली, दगडावर चुन्याचा ठिपका देऊ. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. हिवाळ्यात वर झाडोरा असतो, गवत असतं. ठिपका जवळ गेल्यावरच दिसायचा. उन्हाळ्यात सरपण सोडलं तर वर आमचं काम नसायचं, त्यामुळे तो उघड्या डोंगरावर सडकेवरून दिसतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. परक्या माणसाला शतावरी शोधायला जन्म गेला असता. आम्ही एकेक झाड दाखवून ठेवलं होतं.

शेवंताला याचं जास्त लागलं. कल्पना तिची होती, हे एक कारण. दुसरं कारण मोठं होतं. ती आणि तिचा नवरा दरवर्षी ऊसतोडीला जायचे. उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहून तिची मान आणि कंबर गेली होती. गटात आल्यापासून तिने कोयता सोडला होता. हिवाळाभर शतावरीचं काम असेल तर ती गावात राहू शकत होती. नसेल तर नाही. बाकीच्या बायकांच्या घरी थोडीफार शेती होती, कुणाचा नवरा दुकानात होता. तिच्याकडे डोंगरच होता.

आम्ही दोघी सिरसाळ्याला गेलो. व्यापाऱ्याच्या गोडाऊनमध्ये दारातच मुळ्यांचा ढीग पडलेला. मी एक उचलली.

"शेठ, ही कुठली?"

"बाजारातली."

"हिला मान हाय. आमी मान काढत न्हाई."

"असू द्या की. वजनात येती."

"आमच्या डोंगराची हाय ही."

"आक्का, मुळीवर गावाचं नाव लिवलेलं असतंय का? पिकअप आला, माल उतरला. कुणाचा, कुठून आला, हे मी इचारलं तर धंदा करू का पोलीस पाटील होऊ?"

"इचारायला तोंड दुखतंय का?"

"दुखतंय. आन् हे बघा, ह्या मालात मी बी बुडालोच. लई खराब माल. बुरशी धरायलाय."

ते खरं होतं. शतावरी वाळवणं सोपं नाही. मुळं धुऊन हलकी उकडायची, साल ओढून काढायची, आतली शीर काढायची. मग सावलीत बाजेवर पातळ पसरायची, रोज हलवायची. मोडली की कट्‌ आवाज आला पाहिजे. ही मुळं सालीसकट उन्हात टाकलेली होती. वरून कडक, आतून ओली. व्यापाऱ्याच्या भाषेत मॉइश्चर. म्हणजे झाडं मेली आणि मुळंही कुणाच्या उपयोगाला आली नाहीत. चोरांना चोरीसुद्धा धड करता आली नाही.

शेवंताने ढिगातल्या माना वेचायला घेतल्या. व्यापारी म्हणाला, "बाई, काय करता?"

"लावून बघते."

"न्या. पिशवी देऊ का?"

आम्ही त्या शेडमागे लावल्या, पाणी घातलं. सगळ्या कुजल्या.

वनखात्याकडे तक्रार केली. दोन माणसं येऊन खड्डे बघून गेली. पाऊस झाला. उरलेल्या झाडांना कोंब फुटले आणि मग कळलं काय राहिलंय ते. ज्यांना दगड नव्हता, म्हणजे ज्यांची येत्या हिवाळ्यात पाळी होती, तेवढीच झाडं शिल्लक होती. पूर्वीचा तिसरा हिस्साही नाही.

दसऱ्याच्या आधी गट बसला. मी म्हणाले, यंदा एकही झाड उकरायचं नाही. उरलेल्यांना फळं धरू द्या. पाखरं ती लाल फळं खातात, बी लांब नेऊन टाकतात. दुसरा मार्ग नाही.

शेवंता म्हणाली, "मावशे, मान ठेवून अर्धी मुळं काढू. आपलीच रीत हाय ना ती?"

"झाडं होती तवाची रीत. आता बी धरायला हायत किती? अर्धी मुळं काढली की झाड त्या साली फळ धरत न्हाई."

"समद्यांनी नगं. मी एकटी काढते. थोडीच."

"तुला काढू दिलं तर हिला न्हाई कसं म्हणू?"

"हिला काय गरज हाय?" शेवंताने शेजारी बसलेल्या बाईकडे बोट केलं.

मी म्हणाले, "नियम एकच. समद्यांना."

"बरं," शेवंता म्हणाली. "ऊसतोडीचा मुकादम दारात येऊन बसलाय. त्याला हो सांगते."

मला वाटलं होतं ती भांडेल. ती भांडली असती तर मी कदाचित काही दुसरं सुचवलं असतं. ती उठली, पदर झटकला आणि गेली. दिवाळीनंतर ट्रॅक्टर आला. ती नवऱ्याबरोबर कारखान्यावर गेली. त्या हिवाळ्यात आमची शेड जवळजवळ रिकामी होती. अडुळसा आणि गुळवेल वाळवली, ती आम्हा बाकीच्यांना पुरली. ते काम तिच्या एकटीच्या नावावर केलं असतं तर ती राहिली असती. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मला झाडंच दिसत होती.

झाडं वाचली. दोन हंगाम झाले. खालच्या उतारावर बोरीच्या जाळीत नवी रोपं आली आहेत, वीतभर उंचीची. मुळं धरायला अजून वेळ आहे. आम्ही खूण करणं सोडून दिलं आहे. कुठे काय आहे ते ज्या त्या बाईने ध्यानात ठेवायचं.

शेवंता गुढीपाडव्याला आली होती. सरळ बसता येत नव्हतं, भिंतीला टेकून बसली. मी तिला नव्या रोपांचं सांगितलं.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "किती साल लागतील?"

"तीन तर लागतील."

"तवर माझी कंबर राहती का बघू."

मी चहा ठेवला. तिने अर्धा कप घेतला आणि गेली. यंदा पुन्हा कोयत्यावर जाणार आहे, असं तिच्या नवऱ्याने मला सांगितलं. तिने नाही सांगितलं.

झाडं न उकरण्याचा निर्णय बरोबर होता, आजही मी तोच घेईन. पण झाडाला विसावा द्यायचा तर त्या काळात कुणाच्या घरची चूल बंद पडते, हे त्याच बैठकीत विचारायचं असतं. नंतर विचारून काही होत नाही. माणूस ट्रॅक्टरमध्ये बसलेलं असतं.