कालचं उत्तर

रंजिता म्हात्रे म्हणजे जिवाला घोर लावून घेण्यात पटाईत बाई. रोडपालीच्या घराला कुलूप लावून जिना उतरली, की पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघणार. नवरा भावेश म्हणायचा, "तुझा स्वतःच्या हातांवर तरी विश्वास आहे का गं?" नव्हताच. बाप मिठागरावर राबलेला. लेक संख्याशास्त्र शिकून पनवेलच्या एका खाजगी पाणी तपासणी केंद्रात लागली, तेव्हा गावभर पेढे वाटले होते.

खाडीत दोन ठिकाणी यंत्रं बसवलेली. त्यांचे आकडे रोज पहाटे रंजिताच्या प्रोग्रॅममध्ये येत. त्यावरून पाण्यात किती घाण आहे ते काढायचं अवघड गणित प्रोग्रॅम स्वतः करत नसे. एका जुन्या, तयार गणिती लायब्ररीला हाक मारी. लायब्ररी उत्तर देई आणि सोबत एक छोटा आकडा पाठवी. शून्य आला तर सगळं आलबेल. दुसरं काही आलं तर गणित सुटलेलं नाही, उत्तराला हात लावू नका. मग खाडीकाठच्या बायकांच्या ग्रुपवर आपोआप मेसेज जाई: 'पाणी ठीक' किंवा 'आज उतरू नका'. ओहोटीला चिखलात उतरून खुबे, म्हणजे खायचे शिंपले, वेचणाऱ्या या बायका, आणि त्यांत रंजिताची आत्या मैना. पाण्यात विषारी घाण आलेल्या दिवशीचे खुबे पोटात गेले, तर घरंच्या घरं आजारी पडायची.

आता साहेबांची गोष्ट ऐका. मागच्या वर्षी गणित अडलं आणि आख्खा प्रोग्रॅम पाहुण्यांसमोर बंद पडला. पडदाभर लाल ओळी. केंद्राचे प्रमुख उदयसिंह साहेब त्याहून लाल. "परत मला लाल अक्षर दिसता कामा नये!" रंजिताने शब्द झेलला. चूक आली तर गुपचूप कालचंच उत्तर पुढे ढकलायचं, अशी सोय तिने करून टाकली. ताप दिसू नये म्हणून थर्मामीटरच फोडायचा, तसलं हे शहाणपण. पण साहेब खूश झाले, आणि कुलूप ओढून बघणाऱ्या बाईने ही एक गोष्ट मात्र पुन्हा ओढून बघितली नाही.

त्या बुधवारी ऑफिसात येऊन तिने चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. आजचं उत्तर कालच्यासारखंच होतं, शेवटच्या दशांशापर्यंत. खाडीचं पाणी दोन दिवस सारखं? भरती-ओहोटी काय संपावर गेली? तिने भराभर मागचं उकरलं. बिघाड होऊन दोन्ही यंत्रांच्या नावावर एकाच यंत्राचे आकडे येत होते. गणिताला दोन वेगळ्या जागांचे आकडे लागत, त्यामुळे ते सुटणारच नव्हतं. लायब्ररीने तसं इमानदारीत कळवलंही होतं. रंजिताने प्रोग्रॅममध्ये घातलेल्या ओळींनीच लायब्ररीचं तोंड दाबलं होतं, आणि बायकांना मेसेज गेला होता, 'पाणी ठीक'.

तिने लगेच मैनाला फोन लावला. आत्याचा फोन वाजून वाजून बंद झाला. 'थांबा' असा मेसेज टाकला, पण वाचणार कोण? चिखलात उतरताना बायका फोन पिशवीत बांधून बांधावर ठेवून जातात. आणि बुधवार म्हणजे मासळीचा वार. खुबे थेट बाजारात जाणार, दुपारपर्यंत कुणाकुणाच्या ताटात पडणार.

"कुठे निघालात?" साहेबांनी विचारलं.

"खाडीवर," म्हणत ती जिना उतरलीसुद्धा.

हायवेवर पळस्प्याकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग हलेना. ती स्कूटरवर बसून हॉर्न वाजवत राहिली. पुढचा ड्रायव्हर मागे वळून शिव्या देत होता, त्याही तिला ऐकू आल्या नाहीत.

ती पोचली तेव्हा बायका टोपल्या घेऊन बांधावर चढत होत्या. मैना सगळ्यांत पुढे, गुडघ्यापर्यंत चिखल.

"आत्या, विकू नको! मेसेज चुकलाय."

"चुकलाय म्हंजी?" मैना थबकली. "तुजा मेसेज हाय म्हनून तं आमी समद्या उतरलो. तू पाठवलंस, मंग कोन कशाला इचारतंय?"

रंजिताला धाप लागली होती. लाज वाटत होती, रडूही येत होतं.

"मंग पानी खराब हाय?"

"तसंही नाही."

"मंग बरं हाय?"

सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. सकाळभराची मेहनत डोक्यावर, आणि उत्तर हिच्याकडे.

"माहीत नाही, आत्या," रंजिता म्हणाली. "आज मला काहीच माहीत नाही."

मैनाने टोपली उतरवली आणि बांधाखालच्या पाण्यात पालथी केली.

"मंग तेच लिवायचं होतं ना, बाय."