सात खाचांचा वासला

आठवडी बाजारात माणसं भाजीपाला आणायला जातात, नानाजी दुधलकर गंज आणायला जायचे. हे वाक्य त्यांच्या बायकोचं, कोकिळाबाईंचं. घरी येईल त्या पाहुण्याला पाण्याच्या तांब्यासोबत त्या हे वाक्यही देत. नानाजींना त्याचं काही वाटत नसे. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं फिटरचे मास्तर म्हणून काढल्यावर माणसाचं कातडं तसंही थोडं जाड होतंच.

निवृत्त झाल्यावर कोणी देवाला लागतं, कोणी राजकारणावर बोलायला लागतं. नानाजी जुन्या हत्यारांच्या नादी लागले. लोहारा गावातल्या घरातून सकाळी पिशवी घेऊन निघायचं, मिळेल ती बस धरायची, आणि ज्या गावचा बाजार असेल तिथे मिरच्या-वांग्यांच्या ओळी ओलांडून थेट शेवटाला जायचं. तिथे पोत्यावर जुनं लोखंड मांडलेलं असतं. बिनदांड्याचे विळे, वखराच्या झिजलेल्या पासा, किल्ली हरवलेली कुलपं, आणि त्या सगळ्याच्या बुडाशी एखादा रंधा, एखादी पटाशी. खिशात बोटभर कानशीचा तुकडा असे. तो पात्याच्या धारेवर हलकेच ओढायचा. कानस रुतली तर साधं लोखंड, घसरली तर पोलाद. घसरली की मास्तरांचा चेहरा असा काही खुले, की समोरच्याने भाव वाढवला नाही तरच नवल.

"सर, तुमी कानस नका काढत जाऊ," पांढरकवड्याच्या बाजारात जुनं लोखंड विकणारा नेमसिंग हसून म्हणायचा. "तुमचं तोंड पाहूनच मले समजते, चीज असली हाये का नकली."

घरी आणलेल्या हत्याराला आधी डिझेलची आंघोळ. मग तारेच्या ब्रशने गंज काढायचा, पातं दगडावर लावायचं, आणि शेवटी लाकडी दांडा. दांड्यावर मास्तरांचा खास हात. फुटक्या काचेचा तुकडा घेऊन ते तो अंगणात बसून खरवडत, लाकडाच्या बारीक साली मांडीवर पडत, आणि वरून जवसाच्या तेलाचे दोन हात दिले की दांडा नव्या नवरीसारखा दिसू लागे. मागच्या खोलीच्या तीन भिंतींवर खिळे ठोकून अशी दोनशेच्या वर हत्यारं टांगलेली होती. बघायला येणारे म्हणत, "वा! हे कधी कामाला लागले होते असं वाटतच नाही." नानाजींना ही तारीफ वाटायची. मला विचाराल तर ती तारीफ नव्हती, पण शहाण्याला सांगावं कोणी?

गेल्या दिवाळीच्या आधी नेमसिंगच्या पोत्यावर त्यांना एक वासला सापडला. वासला म्हणजे वाढ्याचं, सुताराचं, लाकूड तासायचं हत्यार, आडव्या पात्याचं, आखूड दांड्याचं. कानस पात्यावरून अशी घसरली की मास्तरांनी भावच केला नाही. दांडा बाभळीचा, हाताच्या घामाने काळा पडलेला, आणि त्याच्या एका अंगाला सात खाचा पाडलेल्या. त्यांच्यातलं अंतर सारखं नव्हतं. दोन अगदी जवळ, एक लांब, मग पुन्हा जवळ. नानाजींनी बसमध्येच निकाल दिला, की हे कुण्या रिकामटेकड्या पोराचे उद्योग. चांगल्या दांड्याची माती केली म्हणून त्यांना त्या पोराचा रागही आला. दुसऱ्या दिवशी दुपारभर काच चालली आणि संध्याकाळी सातपैकी एकही खाच उरली नाही.

चैत्रात एका सकाळी दारात एक बाई उभी राहिली. पंचेचाळिशीची, हातात कापडी पिशवी, चपला धुळीने पांढऱ्या. मारेगावच्या पुढच्या एका खेड्यातून दोन बस बदलून आली होती.

"माहं नाव जया. नेमसिंगभाऊनं पत्ता देल्ला तुमचा. तुमी जुने हत्यारं घेता म्हने. माह्या बाबाचा वासला पाह्याले आली जी."

कोकिळाबाईंनी तिला आत बसवून चहा ठेवला. जया भिंतींकडे बघत राहिली. दोनशे हत्यारं, सगळी एकाच आईची लेकरं असावीत अशी चकाकत होती. वासलेच नऊ होते.

"ह्याच्यात कसा वळखू?" ती हताश झाली. "सारे नवेच दिसतेत. आमचा काया कुट्ट होता. अन् दांड्यावर सात खाचा होत्या."

नानाजींनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

जया सांगत गेली. तिचा बाप उकंडाबुवा, वय ब्याऐंशी, गावचा वाढई. साठ वर्षं गावाच्या पेरणीच्या तिफणी आणि निंदणीचे डवरे त्याने केले. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. दसऱ्याच्या आधीच्या सारवासारवीत हिनेच जुन्या लोखंडासोबत वासला भंगारात विकून टाकला. आंधळा माणूस, कुठे पायावर पाडून घेईल, असं वाटलं. आणि खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत म्हातारा म्हणाला, माहा वासला कोठी हाये?

"मंग मीनं सांगतलं, मारेगावले धारेले देल्ला. तवापासून रोज इचारते, आला का धारवाला? सहा महिने झाले जी. किती खोटं बोलू?"

"पण डोळे नाहीत तर त्याले वासला कायले पायजे?" नानाजींनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी विचारला नसता तर बरं झालं असतं.

"त्या खाचा त्याचं माप होतं नं, सर. मीनं देतानी ध्यानातच नाही घेतलं. बरड वावराच्या डवऱ्याले कोणती खाच, काया कन्हाराच्या तिफणीले कोणती. कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत ट्रॅक्टर जाते का? डवरा लागतेच. आतापावतर मिस्तरी लोक येत, बाबा अंगठ्यानं खाच दाखवे, मिस्तरी माप घेऊन जाय. आता मृगाच्या आधी लोक येऊन राह्यले अन् बाबा म्हणते, उद्या या."

मास्तरांनी आयुष्यभर पोरांना स्टीलच्या पट्टीवर मापं शिकवली होती. मोजायचं काम पट्टीचं आणि धरायचं काम दांड्याचं, अशी त्यांच्या डोक्यात दोन वेगळी कपाटं होती. फिटरच्या मास्तराची ही चूक वाढ्याच्या पोराने सात जन्मांत केली नसती.

"नाही बाई," ते म्हणाले. "खाचा असलेला वासला माह्या घरी नाही."

शब्दाशब्दाने खरं होतं. खरं बोलूनही माणूस किती पक्कं खोटं बोलू शकतो, हे त्यांना वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं आणि कळून लाज वाटली. पण शब्द तोंडातून गेला होता. जयाने चहा संपवला, नंबर लिहून दिला आणि ती बसस्टँडकडे निघून गेली.

कोकिळाबाईंनी कपबशा उचलल्या. "चौथ्या खिळ्यावरचा कोणाचा हाये मंग?" त्यांनी विचारलं. "मले नका सांगू. पण आठ दिवस त्या दांड्याले काच घासत बसले होते तुमी, असं मी काई म्हणत नाही. एकच दुपार लागली होती."

पुढचे तीन दिवस मास्तर कुठल्या बाजाराला गेले नाहीत. त्यांना दुसरा मार्गही सुचला होता. वासला पोस्टाने पाठवून द्यावा, नाव न लिहिता. मग त्यांनाच स्वतःची कीव आली. चौथ्या दिवशी त्यांनी जयाला फोन केला, खरं काय ते सांगितलं आणि पिशवीत वासला घालून मारेगावावरून जाणाऱ्या वणीच्या बसमध्ये बसले. फोनवर ती चिडली नव्हती. एवढंच म्हणाली होती, "बाबाले धारेचंच सांगा, सर. मीनं इकून टाकला हे त्याले समजलं तं तो जेवाचा नाही."

जयाच्या घरी ओसरीवर खाट होती आणि खाटेवर उकंडाबुवा. अंगात बंडी, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे. हाताची बोटं मात्र सारखी काहीतरी चाचपत होती.

"बाबा, मारेगावचा धारवाला आला. वासला घेऊन आला," जया म्हणाली.

म्हाताऱ्याने दोन्ही हात पुढे केले. नानाजींनी वासला खाटेवर ठेवला. हत्यार हातातून हातात देत नाहीत, आधी खाली ठेवायचं आणि समोरच्याने उचलायचं, एवढी रीत त्यांना ठाऊक होती. उकंडाबुवाने तो उचलून तोलला. पातं कानाशी नेऊन नखाने वाजवलं. चेहरा उजळला.

"हाच! याच्या लोखंडाले आवाज हाये. माह्या बापानं घेतलेला, जये. धारबी चोख लावली. किती दिवस लावले पण, मिस्तरी!"

मग त्याचा अंगठा सवयीने दांड्यावर गेला. वरून खाली सरकला, खालून वर आला. दांडा फिरवून दुसऱ्या अंगाने पुन्हा तेच. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

"दांडा कोणं बदलला?"

जया बापाच्या मागे उभी होती. तिने नानाजींकडे बघून हात जोडले. "मोडला असन, बाबा. मिस्तरीनं नवा बसवला असन."

होऽ म्हटलं असतं तर सुटले असते. जुना दांडा मोडला, त्याला कोण काय करणार? म्हाताऱ्यानेही मुकाट ऐकून घेतलं असतं. नानाजींनी एकदा जयाकडे पाहिलं, एकदा त्या अंगठ्याकडे.

"नाही बुवा," ते म्हणाले. "दांडा तोच हाये. तुमचाच. म्या घासला."

"कायनं?"

"काचेनं."

म्हातारा दांड्यावरून हात फिरवत राहिला, चांगलं लाकूड पारखावं तसा. "हात सफाईचा हाये तुमचा," तो शेवटी म्हणाला. "येवढा साफ दांडा माह्या बापालेबी जमला नसता. एकबी खाच लागत नाही बोटाले."

नानाजींना नोकरीत दोनदा शाल-श्रीफळ मिळालं होतं, साहेबांनी भाषणात नाव घेतलं होतं. कारागिराने कारागिराची केलेली अशी तारीफ मात्र पहिलीच, आणि ती ऐकून त्यांना रडू आलं. त्यांनी ते आवरलंही नाही. म्हाताऱ्याला दिसणार नव्हतं आणि जया आत निघून गेली होती.

"रडू नका," उकंडाबुवा म्हणाला. आंधळ्याला काय कळत नाही? "कानस हाये जवळ? मंग बसा खाली. पाडू वापस."

नानाजी जमिनीवर बसले. खिशातली कानस काढली, वरच्या खिशातली स्टीलची पट्टी काढली आणि पट्टी लगेच परत ठेवली. म्हाताऱ्याने दांड्याच्या बुडाशी चार बोटं टेकवली.

"इथं पैली. बरडाच्या डवऱ्याची. थांबा, बोटं वाळली माही आता. एक जवाच्या दाण्याइतकं पुढे घ्या."

मास्तरांनी खाच पाडली. म्हाताऱ्याने चाचपली आणि "उथळ हाये" म्हणून पुन्हा पाडायला लावली. एकतीस वर्षं पोरांचे जॉब परत फेकणारा माणूस मान खाली घालून "हो जी" म्हणत होता. दुसरी कन्हाराच्या तिफणीची. तिसरी नाल्याकाठच्या वावरांची, तिथली जमीन पाण्याने भरते म्हणून एक बोट जास्त. चौथी तुरीच्या तासाची. पाचवीला म्हाताऱ्याने वीत टाकली, मोडली, पुन्हा टाकली, आणि बरोबर जागा सापडल्यावर लहान पोरासारखा हसला. जया दारात येऊन उभी राहिली होती, तीही हसली. तिने आणून ठेवलेला चहा निवून गेला तरी कोणाचं लक्ष नव्हतं.

"आता सहावी," नानाजी म्हणाले. त्यांचा आवाज मोकळा झाला होता. सगळं भरून निघतं आहे असं त्यांना वाटू लागलं होतं.

उकंडाबुवाने बोटं टेकवली. उचलली. दुसरीकडे टेकवली. मग हात मांडीवर ठेवून दिला.

"त्या दोन माह्या नव्हत्या," तो म्हणाला. "बापानं पाडलेल्या. माह्या पाच म्या हातानं मोजून पाडल्या, म्हणून हाताले याद हायेत. बापाच्या दोन नुसत्या अंगठ्यानं घेत गेलो. अंगठा आपसूक तिथं थांबे."

नानाजींनी कानस जमिनीवर ठेवली.

"पण मिस्तरी, तुमी तं डोयानं पाह्यल्या असन," म्हातारा एकदम आशेने पुढे झुकला. "घासाच्या आधी. दांडा हातात होता, उजेड होता. सांगा बरं, पाचवीपासून कितीक लांब होत्या?"

नानाजींनी डोळे मिटले. अंगण आठवलं, ऊन आठवलं, मांडीवर पडणाऱ्या साली आठवल्या. कुण्या अनोळखी पोराचा आलेला रागसुद्धा आठवला.

"सात हायेत, जवळ-लांब हायेत, येवढं पाह्यलं होतं बुवा," ते म्हणाले. "कुठं हायेत, ते नाही पाह्यलं."

उकंडाबुवाने मान हलवली. त्याचा अंगठा पाचव्या खाचेवरून पुढे निघाला आणि गुळगुळीत लाकडावरून कुठेही न थांबता पात्यापर्यंत गेला.