घमेल्यातली बॅटरी आणि आखाजीची घागर

मला टायफॉइड झाला होता तेव्हा आमच्या ह्यांनी माझ्या कपाळाला जितक्या वेळा हात लावला, त्याच्या कितीतरी पट त्यांनी त्या बॅटरीला लावला असेल. हे मी रागाने लिहीत नाही. खरं तर रागानेच लिहिते आहे, पण आता त्या रागाला पूर्वीची धार उरलेली नाही.

हे धुळ्याला कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. नव्वदनंतरच्या एका वर्षी मस्कतला असलेल्या थोरल्या दिरांनी आमच्या मुलीसाठी रिमोटवर चालणारी मोटार आणली. मुलीने ती एकदा अंगणात गोल फिरवली आणि पुन्हा आपली भातुकली मांडली. मोटार ह्यांच्याकडे राहिली ती कायमची. चाळिशीतला, केस विरळ झालेला माणूस संध्याकाळी कॉलनीच्या रस्त्यावर एका लाल मोटारीमागे पळतो आहे आणि त्याचे विद्यार्थी सायकलवरून उतरून 'नमस्कार सर' म्हणताहेत, हे मी गॅलरीतून कितीतरी वेळा पाहिलं. दरवेळी मी मुकाट्याने आत गेले.

मोटार पळायची जेमतेम कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. तिची बॅटरी भरायला मात्र सकाळची दुपार व्हायची. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले जाड जाड सेल, त्यांना एक वायर, आणि चार्जरवर एक लाल दिवा. भरून झालं की बंद व्हायची अक्कल त्या चार्जरला नव्हती. पिन आपणच काढायची. वेळेवर नाही काढली तर सेल तापत जातात. म्हणून बॅटरी कपड्यावर ठेवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, मोटार पळवून आल्यावर गरम असताना लावायची नाही, आणि लावल्यावर एकटी सोडायची नाही. हे मधूनमधून ती उचलून गालाला लावून बघायचे. ही सगळी शिस्त त्यांना शहाणपणाने सुचलेली नव्हती. माझ्या आईची गादी जळाल्यावर सुचली.

माझं माहेर जळगावजवळचं असोदा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि पुरुष दिवसभर राजरोस पत्ते कुटतात. मोटार आली त्याच वर्षी हे ती आखाजीला असोद्याला घेऊन गेले. सगळ्या भाऊबंदांसमोर खळ्यात पळवून दाखवायची होती. बॅटरीला खाली टोचू नये म्हणून घरच्याच कापसाच्या नव्या गादीवर ठेवून चार्जिंगला लावली, वाट्यांवर वाट्या आमरस प्यायले, आणि दुसऱ्या खोलीत घोरत पडले. धूर आधी माझ्या वडिलांना, आबांना दिसला. आबांनी पिन काढण्याच्या भानगडीत न पडता वरून बादली ओतली. मोठा आवाज झाला, फ्यूज उडाला, आणि अख्खं घर अंधारात आमरसाच्या आणि जळक्या प्लॅस्टिकच्या वासात बसलं.

आबा तेव्हा एवढंच म्हणाले, "जवाईले म्हना, तुमी या. पन ते गाडं पुन्हा नका आनू."

ह्यांना तो अपमान वाटला. दिरांकडून नवी बॅटरी मागवली आणि जाहीर केलं की मोटार नाही तर मीही नाही. दोन मोठी माणसं एका खेळण्यापायी हट्टाला पेटली, आणि भोगलं मी. त्यानंतरच्या आखाज्यांना मी मुलीला घेऊन एकटीच गेले. झोक्यावर बसलं की गल्लीतल्या बाया विचारायच्या, जवाई नही आले का? मी सांगायची, पेपर तपासताहेत. आखाजीला कसले पेपर, असं कुणी विचारायचं नाही, आणि न विचारण्यातच सगळं आलं. फार लागायचं मला ते.

शेवटी एका लग्नासाठी आबा धुळ्याला आले तेव्हा मी त्यांना आमच्याच घरात धारेवर धरलं. गादी मोठी की जावई मोठा, असं तोंडावर विचारलं. आबांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग ह्यांना म्हणाले, "या आखाजीले. गाडं बी आना. पन पुन्हा माझ्या घरात काही जळालं, तं गाडं अन तुमी, दोघं पुन्हा नका येऊ."

"मान्य," हे म्हणाले. मला कुणी विचारलं नाही.

त्या आखाजीला हे बॅटरी लाडवाच्या डब्यात घालून निघाले. वायरीच्या तोंडांना चिकटपट्टी, भोवती वाळू. इंजिनची धग लागू नये म्हणून एसटीत मागची जागा घेतली आणि धुळ्यापासून डबा मांडीवर धरला. एरंडोलला शेजारी बसलेल्या म्हातारबांनी डब्याकडे बघत विचारलं, काय शे? हे गंभीरपणे म्हणाले, "जपून न्यायचं आहे." म्हातारबांनी हात जोडले आणि सरकून बसले. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

आखाजीच्या सकाळी ह्यांनी माझ्या माहेरच्या घराची तपासणी केली. ओट्यावर ऊन, नापास. स्वयंपाकघरात चूल, नापास. मागच्या खोलीत भाव वाढायची वाट बघत पडलेला कापूस. त्या खोलीच्या दारातूनच हे दचकून मागे फिरले. पास झाला तो मधल्या खोलीचा कोपरा, कारण खाली शहाबादी फरशी होती आणि प्लगही तिथेच होता. त्यांनी दोन विटा मांडल्या, वर घमेलं, घमेल्यात वाळू, वाळूवर बॅटरी. आग लागलीच तर टाकायला आणखी वाळू हवी, म्हणून आईने सणासाठी आणलेल्या कोऱ्या घागरींतली एक उचलून वाळूने भरली आणि शेजारी ठेवली. कोणी जवळ येऊ नये म्हणून भोवती रेघ आखायची होती. खडू मिळेना, तेव्हा रांगोळी घेतली. मग पिन लावली, लाल दिवा लागला, आणि हे शेजारी पाट टाकून ताठ बसले.

आखाजीला आमच्याकडे पितरांसाठी कोरी घागर पाण्याने भरून पुजतात. तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, नाहीतर आंबा ठेवतात, सांजोऱ्या ठेवतात, आणि समोर निखाऱ्यांवर तूप आणि घास टाकतात. त्याला आगारी म्हणतात. आमच्या देवघरात ती घागर होतीच. ह्यांनी मधल्या खोलीत दुसरी मांडली आहे हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी सांजोऱ्या तळत होते. आणि फिजिक्सच्या माणसाच्या ते लक्षात येणं शक्यच नव्हतं.

दुपार होत आली तशी आई ह्यांच्या अंघोळीसाठी मागे लागली. जावई पारोसा, आणि पंगत खोळंबलेली. पण बॅटरी एकटी सोडायची नाही. तेव्हा ह्यांनी आबांच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, पाटावर बसवलं. अक्कांना डोळ्यांनी कमी दिसायचं, पण बसण्यात त्या पक्क्या होत्या.

"अक्का, कुणाला हात लावू देऊ नका. आणि हा दिवा विझला तर मला लगेच हाक मारा."

"बाप्पा! इझू देईन का मी?" अक्का म्हणाल्या, आणि पदर डोक्यावर घेतला.

अक्कांना सगळं कळलं होतं. जावयाचे वडील वारलेले. सासूबाई त्या वर्षी थोरल्या मुलाकडे मस्कतला, म्हणजे धुळ्याच्या घरी घागर भरायला कुणी नाही. तर या पोराने बापाची घागर परगावी, सासुरवाडीत मांडली होती. धुळ्याहून काहीतरी डब्यात घालून मांडीवर आणलं होतं. वर अखंड दिवा. अक्कांनी हे दारातून जाणाऱ्या पहिल्या बाईला सांगितलं. पुढचं गल्लीने केलं.

मी सांजोऱ्यांची पाटी घेऊन बाहेर आले तर मधल्या खोलीत बाया दाटलेल्या. घागरीला हळदकुंकू लागलेलं, वर आंबा, आणि एकीने तर बॅटरीवरही अक्षता टाकलेल्या. "बापाले इसरला नही माय," एक जण डोळे पुसत होती. "असा जवाई भेटाले नशीब लागतं." जिने मागच्या वर्षी मला झोक्यावर 'जवाई नही आले का' विचारलं होतं, तीच ही. खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं की मी तोंड उघडलं नाही. म्हटलं, अंघोळ होईपर्यंत राहू दे.

तेवढ्यात आबा आले. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात खापरावर रसरसलेले निखारे. अक्कांनी त्यांना निरोप धाडला होता की जावयाच्या बापाला आगारी तुझ्या हातची पडू दे. बाया बाजूला झाल्या. आबा रांगोळी ओलांडून आत वाकले, आणि निखारे घमेल्याला टेकवायला लागले. वायरीवर एक ठिणगी पडलेली मी पाहिली.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. मोरीचं दार धाडकन उघडलं आणि हे टॉवेलवर, एका कानात साबण, धावत आले. "आधी पिन! आधी पिन!" दोरीवरच्या कोरड्या पंच्याने बटण दाबलं, पिन उपटली.

लाल दिवा गेला.

"इझला!" अक्कांनी टाहो फोडला. "आरे देवा, दिवा इझला!" बायांनी तोंडाला पदर लावले.

आबा तसेच वाकून उभे. त्यांची नजर घमेल्यातून वायरीवर गेली, वायरीवरून भिंतीकडे. आबांना डोळ्यांनी व्यवस्थित दिसायचं, आणि ती बॅटरी ते जन्मात विसरणार नव्हते. संपलं, मला वाटलं. आता संध्याकाळची धुळ्याची गाडी, आणि पुन्हा या दारात हे कधी दिसायचे नाहीत.

आबा रांगोळीच्या बाहेर आले. निखारे त्यांनी लांब, उंबऱ्याजवळ ठेवले. त्यावर तूप सोडलं, सांजोरीचा तुकडा मोडला, आणि ह्यांच्याकडे न बघता विचारलं, "याहीचं नाव सांगा, जवाईबापू." याही म्हणजे व्याही, ह्यांचे वडील.

हे हजेरी द्यावी तसे पटकन बोलले. वडिलांचं नाव, मग आजोबांचं. आणि मग त्यांना पुढे बोलता येईना. वडील गेले तेव्हा हे परीक्षेला बाहेरगावी होते, पोचले तोवर सगळं उरकलं होतं. एवढं मला ठाऊक होतं, पण त्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलेलं मी ऐकलं नव्हतं. आता ते टॉवेलवर उभे राहून, सगळ्या बायांसमोर, रडत होते. मीही रडले. आबांनी तूप जास्तच टाकलं, त्यामुळे धूर झाला आणि सगळ्यांची सोय झाली.

अक्का तांब्यातलं पाणी घमेल्याभोवती फिरवायला निघाल्या तेव्हा आबाच म्हणाले, "रेघेच्या आत पानी नको." बाया हात जोडून गेल्या.

मग आबांनी घागरीत डोकावून पाहिलं. "रेती भरली?"

"आग लागली तर," हे खालच्या आवाजात म्हणाले.

"बरं केलं." आबांनी बॅटरी हातात घेतली, ह्यांनी शिकवल्याशिवायच गालाला लावून पाहिली. "भरली का?"

"अर्धीच."

"गरम तं नही. लावा परत. तुमी कपडे घाला अन जेवून घ्या. मी बसतो."

आमचे आबा आखाजीच्या दिवशी पत्त्यांचा डाव सोडून कुणासाठी उठले नव्हते. माझा जन्म आखाजीच्या आदल्या दिवशीचा, तर दुसऱ्या दिवशी ते मला बघायला डाव संपल्यावर आले, असं आई अजून ऐकवते. ते आबा अक्कांना उठवून पाटावर बसले. दिवा पुन्हा लागला. आम्ही पंगतीला होतो, तेवढ्यात ओट्यावरून त्यांचे सोबती हाका मारायला लागले, डाव मांडला आहे, लवकर चला.

आबांनी जागेवरूनच उत्तर दिलं. आत आमरसाची वाटी तोंडाला लावलेले हे तिथेच थांबले.

"आज नही जमनार," आबा म्हणाले. "घरी याही आले हायेत."