शिळेतली बाई

महिपतने उभी हयात डोंबिवलीच्या गल्ल्यांतून पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत घालवली. वापरून गुळगुळीत झालेल्या पाट्यावर टाकीने बारीक टिंबं पाडायची, म्हणजे वाटण पुन्हा नीट वाटलं जातं. मग घरोघरी मिक्सर आले आणि त्याला कुणी हाक मारेना. दुसरा असता तर हातावर हात ठेवून बसला असता. हा पठ्ठ्या शीळफाट्याजवळच्या बंद पडलेल्या दगडखाणीत गेला, काळ्या कड्यापुढे उभा राहिला आणि त्याला त्यात पाट्यावर वाटण वाटणारी बाई दिसली. चांगली वीस फुटी.

खाणमालकाने हसत परवानगी दिली. मुलगा संदेश म्हणाला, बाबांचं डोकं फिरलंय. बायको विमलाबाई मात्र रोज दुपारी डबा पोचवत राहिली. बांबूच्या परांचीवर चार वर्षं ठोकाठोक चालली. कड्यातून आधी हात आले, मग पाय, शेवटी चेहरा. अंगभर त्याने तीच बारीक टिंबं पाडली. उन्हं कलली की त्यांत सावली भरे आणि बाईचं लुगडं खरंखुरं वाटे. महिपत बेहद्द खूश होता.

आणि एका मंगळवारी बाईच्या पायांवर शेंदूर दिसला. समोर फुलं, अगरबत्ती. महिपतला पुढचं दिसायला लागलं. थरांवर थर चढले की टिंबं बुजणार, उद्या चेहराही बुजणार, आणि एकदा देवी ठरली की तिला टाकी लावायची छाती कुणाची? पुसायला जावं तर त्याचाच हात धजेना.

डबा घेऊन आलेल्या विमलाबाईने सगळं ऐकून घेतलं. तेवढ्यात खालच्या वस्तीतली शेवंती नारळ घेऊन आली. विमलाबाईने तिला अडवलं.

"ही देवी नाय गं. ही मी आहे."

शेवंतीला पटेना. मग विमलाबाई कड्याच्या पायथ्याशी वाटायला बसते तशी बसली. डावा गुडघा उभा, पदर कमरेला खोचलेला, मान किंचित उजवीकडे. शेवंतीने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. नारळ पिशवीत परत गेला. दोघींनी मिळून शेंदूर घासून काढला.

महिपत ओशाळून उभा होता. ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती, बायकोला तर नाहीच.

"तुला कधी कळलं?"

"गुडघा निघाला तेव्हाच. म्हटलं, तुम्ही सांगाल. दोन वर्षं वाट बघितली." तिने डबा उघडला. "आणि नाक एवढं मोठं नाय माझं."

जेवण झाल्यावर महिपत नाक तासायला परांचीवर चढला.