हुकाला लटकलेला दोन

आमच्या गल्लीतला पेंटर भलताच धोरणी. दुकानाची पाटी रंगवताना भावाचा आकडा तो पाटीवर कधीच काढत नाही. वेगळ्या पत्र्यावर काढून हुकाला अडकवतो. "भाव काय, चढणारच," हे त्याचं ब्रह्मवाक्य. न्हाव्यापासून गिरणीवाल्यापर्यंत सगळे खूश.

मी चौकासाठी लाकडी फलक सांगितला होता: 'तापमानवाढ दोन अंशांच्या आत रोखा.' घ्यायला गेलो तर त्यातला 'दोन' हुकाला लटकलेला! माझं डोकंच फिरलं.

"अहो पेंटर, हा काय दाढीचा दर आहे?"

"पुढारी, चिडू नका. तुमचे शास्त्रज्ञ काय म्हणतात?"

वाचलेलं लपवू कसं? "बऱ्याच जणांना वाटतं, शतक संपेपर्यंत अडीचच्या वर जाईल."

"मग? बदलायला चढणार कोण? मीच ना?"

"चढायचं नाव काढाल तर खबरदार!" आतून त्याची बायको, आमच्या वहिनी, कडाडल्या. मागच्या आठवड्यात भर दुपारी पेंटरला शिडीवरच भोवळ आली होती. तेव्हापासून शिडी साखळीने खिडकीच्या गजाला आणि किल्ली वहिनींच्या कमरेला. शिडी गेली की पेंटर संपला! बिचारा खुडूक कोंबडीसारखा घरात बसून होता.

"ऊन वाढतच जाणार म्हणता ना, भावजी?" वहिनी बाहेर आल्या. "मग काढते शिडी मोडीत."

"वहिनी, अर्धंच ऐकलंत. त्यांच्यातलेच कितीतरी म्हणतात, याच शतकात निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणता येईल. तसं झालं तर पाराही जवळपास थांबतो. हा आकडा बाजार नाही, आपली धुराडी ठरवतात."

"म्हणजे चढलाच पाहिजे असं नाही?" पेंटरने विचारलं.

"नाही. पण एकदा चढला की सहजासहजी उतरत नाही."

"म्हणजे ह्यांच्यासारखाच!" वहिनी म्हणाल्या.

पेंटर उठला. पक्कडीने हुक उपटला आणि 'दोन' स्क्रूने फलकावर गच्च बसवला. जन्मात पहिल्यांदा! मग बायकोकडे बघत हळूच म्हणाला, "आता बदलायला चढायचा प्रश्नच नाही. लावण्यापुरती तरी दे की."

वहिनींनी किल्ली काढली, पण मुठीतच ठेवली. "यापुढे काम सकाळचंच. भिंतीवर ऊन आलं की खाली. नाहीतर शिडी फोडून चुलीत घालीन."

"चुलीत नको," मी म्हणालो, "धूर होईल."

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की, फलक तिथेच टाकून मी घरी आलो.

सकाळी चौकात पोचलो, तेव्हा पेंटर शिडीवर होता. वहिनी खाली शिडी धरून, मान वर करून, भिंतीवर ऊन कुठवर आलंय ते बघत होत्या.