सरदाराचं मुंडण

इजिप्तचा सरदार व्हायला मी डोकं भादरून घेतलं आणि माझे धडधाकट वडील गावभर वारले.

मी शाळेत मास्तर; सातवीच्या वर्गाला इतिहासाचं नाटक करून दाखवायचं होतं. तिकडचे श्रीमंत लोक डोकं तासून वर केसांचा टोप घालत, म्हणून नांदुऱ्याच्या बाजारात लिंबाखाली बसणाऱ्या एका न्हाव्यापुढे मी बसलो. माणूस भलता बोलका. तळहातावर वस्तरा घासत गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची चौकशी करायचा. मी "सगळं काढा" म्हणालो आणि तो एकदम गप्प झाला. न विचारता त्यानं मिशीही उतरवली, ओल्या हातानं टाळू थोपटली आणि पैसे घेतले नाहीत. मला वाटलं, मास्तरकीचा मान.

दुसऱ्या दिवशी वर्गात मला वारा घालणारे दोन्ही गुलाम मुसमुसू लागले. तेवढ्यात दारात वडील.

"मी कवा मेलो बे? बाजारात लोक रडून राह्यले."

बातमी निघाली तिथूनच ती परत घ्यायची, म्हणून वडिलांना घेऊन मी लिंबाखाली गेलो. न्हाव्यानं त्यांना पायापासून पागोट्यापर्यंत न्याहाळलं, माझा सुतळीचा टोप पाहिला, सगळी हकिकत ऐकली.

"बाबाजी," तो वडिलांना म्हणाला, "मास्तरचं डोक्सं मीनं वरून साफ केलं. अंदरून थे तसंच आलं होतं."