आंब्याखालची हाडे

खाडीकाठच्या जुन्या आंब्याखाली समुद्री सापांची आणि माशांची हाडे पडलेली असतात. ती झाडाची राखण करणारे भूत, म्हणजे देवचार टाकतो, ही गावाची समजूत मी आयुष्यभर खोडून काढत आलो. वर समुद्रगरुडाचे घरटे आहे. हाडे त्याच्या जेवणातली. त्याच्या अवजड घरट्याचा भार पेलणारी उंच झाडे तुटत गेली, तसा हा पक्षीही दुर्मीळ झाला.

काल लाकडाचा व्यापारी आंब्याचा घेर मोजू लागला. शेजारच्या पार्वतीवहिनी त्याच्यावर कडाडल्या, "देवचाराचा झाड आसा ता! होया तर ह्या अण्णांका इचार. सगळ्यांचा खोटा पाडतत ते."

व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिले. वर पिल्लू भुकेने ओरडत होते.

"वहिनी सांगतात, ते अगदी खरे आहे," मी म्हणालो.